मुलगी शिकली, नोकरीला लागली, पुढे काय?

आपल्या वस्तीत मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली की विहारात तिचा सत्कार होतो. पदवी मिळाली की पुन्हा होतो. नोकरी लागली की व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. मग ती बॅग भरून पुण्याला जाते आणि समाज म्हणून आपला तिच्याशी असलेला संबंध तिथे जवळपास संपतो. ती कुठे राहते, काय खाते, रात्रपाळीवरून कशी परतते, तापाने फणफणली तर तिच्याजवळ कोण असते, हे सगळे तिचे खासगी प्रश्न ठरतात. फार तर तिच्या आईवडिलांचे.

हे प्रश्न खासगी नाहीत. मुलीच्या शिक्षणासाठी दोन-तीन पिढ्यांनी जे कष्ट उपसले, ते टिकणार की नाही याचा निकाल आज परीक्षेच्या हॉलमध्ये लागत नाही. तो लागतो भाड्याच्या खोलीत, महिन्याच्या हिशेबात आणि घरून येणाऱ्या फोनवर.

यवतमाळ, वाशिम, हिंगोली, नांदेड, लातूर या जिल्ह्यांतून पुण्यात कामाला आलेल्या अनेक बौद्ध मुलींशी कामानिमित्त माझा संबंध येतो. कोणी चाकण-रांजणगावच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे, कोणी हिंजवडी-खराडीच्या ऑफिसात, कोणी रुग्णालयात नर्स, कोणी मॉलमध्ये. त्यांपैकी कोणा एकीची गोष्ट इथे सांगत नाही. अनेकींच्या बोलण्यात जे वारंवार येते, ते समजून घेऊ.

खोली मिळण्याआधीची मुलाखत

नोकरीच्या मुलाखतीत शिक्षण विचारतात. खोलीच्या मुलाखतीत आडनाव विचारतात. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव, गावावरून आला नाही तर "घरी देव कोणते?" आणि शेवटी "नॉनव्हेज चालणार नाही हं" असे सांगून उत्तराकडे बारीक लक्ष. सरळ "तुम्हाला देत नाही" असे सहसा कोणी म्हणत नाही. "कालच दुसऱ्या मुलीला दिली" एवढे म्हटले की काम भागते. कारणच सांगितले जात नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची?

हा आपल्या मनाचा खेळ नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सारखीच ऐपत असलेले, पण नावावरून जात-धर्म कळणारे लोक घर शोधायला गेले, तेव्हा दलित आणि मुस्लिम घरशोध्यांना उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत नकार जास्त मिळाले आणि काहींना घर मिळाले ते जादा अटींवर. गावात जातीची सीमा वाटेवर आणि पाणवठ्यावर दिसत होती. शहरात ती ब्रोकरच्या फोनमध्ये गेली, एवढाच बदल.

त्यात ती एकटी मुलगी. त्यामुळे अटी आणखी वाढतात. रात्री नऊच्या आत परत, भाऊ आला तरी जिन्याखाली भेट, पाहुणी राहिली तर दिवसाचे जादा पैसे. शेवटी बहुतेक जणी कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट, एक कपाट दोघींत, सकाळी बाथरूमला नंबर. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावायचा की बॅगेत ठेवायचा, हा निर्णय तिला पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागतो. घरून आणलेली सुकट डब्यातच राहते. १४ एप्रिलचे स्टेटस ऑफिसच्या लोकांना दिसणार नाही, अशी सेटिंग केली जाते. याला कोणी भित्रेपणा म्हणू नये. डोक्यावरचे छप्पर टिकवण्याचा तो हिशेब आहे आणि तो तिला एकटीला करावा लागतो.

पहिल्या ४० दिवसांचा खड्डा

आता पैशांचा हिशेब मांडू. समजा, एका मुलीच्या हातात महिन्याला १८,००० रुपये येतात. कॉटचे भाडे ५,०००, मेस ३,०००, चहा-नाश्ता १,०००, बस-रिक्षा १,२००, मोबाइल ३००, साबण, पॅड, औषधे असे ८००. घरी पाठवायचे ४,०००, कारण धाकट्या भावाची फी आहे किंवा वडिलांचे औषध आहे. बेरीज १५,३००. उरले २,७००. यात कपडे, गावी जाणे, आजारपण आणि बचत बसवायची.

हे गणित तंगीचे असले तरी चालते. खरी कोंडी त्याआधीची आहे. कॉट घ्यायची तर एका महिन्याचे डिपॉझिट आणि एका महिन्याचे भाडे आधी, म्हणजे १०,०००. मेसचे ३,००० आधी. प्रवास, गादी, बादली वेगळे. आणि पहिला पगार महिना भरल्यावर, पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. म्हणजे एक रुपयाही कमावण्याआधी साधारण ४० दिवस तिला १५,००० रुपयांवर काढायचे असतात. ज्या घरात आईवडील मजुरी करतात तिथे हे पैसे बचत गटाच्या कर्जातून, आईच्या कानातल्यातून किंवा सावकाराकडून येतात. जिथे ते येत नाहीत, तिथे मुलगी नोकरीचे पत्र हातात घेऊन घरीच बसते. गुणवत्ता कमी म्हणून नव्हे, १५,००० रुपये नाहीत म्हणून. आपल्या समाजातल्या किती नोकऱ्या या खड्ड्यात पडतात, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

मिळकतीचे चार भाग करावेत, त्यातला एक अडचणीसाठी राखून ठेवावा, असा उपदेश बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला केला होता. या पगारात चौथा भाग निघत नाही. पण महिन्याला ५०० रुपये तिच्या स्वतःच्या, वेगळ्या खात्यात पडले तरी वर्षाला ६,००० होतात. घरी पैसे पाठवण्याच्या आनंदात हे खाते मागे पडू देऊ नका. नोकरी सोडावी लागली, खोली बदलावी लागली, तर तेच पैसे तिला कोणाच्या दबावाखाली न येता निर्णय घेऊ देतात.

आजारपणाचे दोन दिवस

एकटीने राहणे किती जड आहे हे सणाला तितके कळत नाही, तापाला कळते. खोलीतल्या बाकीच्या कामावर गेलेल्या असतात. मेसचा डबा खाली येऊन पडतो, तो वर आणायला पायात बळ नसते. रजा टाकली तर पगार कापला जाण्याची भीती. घरी सांगितले तर आई रात्रभर झोपणार नाही आणि बाबा म्हणतील, "ये निघून." म्हणून ती फोनवर म्हणते, "काही नाही, थोडी सर्दी आहे."

या "काही नाही" मध्ये खूप काही दडलेले असते. एकटेपणा, ऑफिसमधला त्रास, झोप न लागणे हे सगळे त्याच दोन शब्दांत गुंडाळले जाते. मन फारच खचत असेल तर 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पण हेल्पलाइन कोणाला गरम खिचडी आणून देत नाही. त्यासाठी रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर आपले एक घर असावे लागते.

रोजच्या फोनमागे कोण बोलते?

रात्री नऊचा घरचा फोन हा तिच्या दिवसाचा सर्वात उबदार भाग असतो आणि कधी कधी सर्वात जाचकही. "जेवलीस का?" पासून सुरू होणारे बोलणे "मागे कोणाचा आवाज येतोय?" आणि "व्हिडिओ कॉल कर" इथपर्यंत जाते. गावात कोणी काही बोलले की त्याची चौकशी शहरातल्या खोलीत होते. घराचे हप्ते ती भरते, पण घर कधी आणि कसे बांधायचे हे तिला विचारले जात नाही. मग एक दिवस निरोप येतो, "पाहुणे बघायला येणार आहेत, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाक."

आईवडिलांची काळजी खरी असते, ती नाकारायचे कारण नाही. पण काळजी कुठे संपते आणि पाळत कुठे सुरू होते, हे आपण तपासले पाहिजे. यासाठी बाबासाहेबांचाच आधार आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरच्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की जातीच्या आतच लग्न करण्याची सक्ती हा जातीचा गाभा आहे आणि ती सक्ती टिकवण्यासाठी स्त्रीवर बंधने लादली गेली. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा उगम त्यांनी तिथे शोधला. म्हणजे "पोरगी बाहेर राहते, काय करत असेल" ही धास्ती आपल्या घरात आभाळातून पडलेली नाही. जातिव्यवस्थेने शेकडो वर्षे घोटून घेतलेला तो धडा आहे. धर्मांतराच्या वेळी आपण देव सोडले, व्रते सोडली. हा धडा मात्र अनेक घरांत तसाच राहिला.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा निकष सांगितला आणि मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असेही बजावले. मुलगी २३ वर्षांची झाली, कमावती झाली, आता लवकर उरकून टाकू, असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हे भाषण पुन्हा वाचावे. लग्न केव्हा, कोणाशी आणि त्यानंतर नोकरीचे काय, हे तिच्याशी बोलून ठरवायचे असते, तिला सांगून नव्हे.

कामाच्या ठिकाणी माहीत असायलाच हवे

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आज आपल्या मुली ज्या हक्कांवर उभ्या आहेत, त्यांच्या पायाभरणीत हे काम आहे. ते हक्क माहीतच नसतील तर जयंतीची मिरवणूक कितीही मोठी काढली तरी उपयोग नाही. म्हणून नोकरीच्या पहिल्या महिन्यातच पुढच्या गोष्टी तपासा.

नेमणूक पत्र आणि दर महिन्याची सॅलरी स्लिप मागून घ्या. कंत्राटदारामार्फत लागला असाल तर त्याचे नाव-पत्ता लिहून ठेवा. पीएफ कापला जात असेल तर यूएएन क्रमांक घ्या आणि पैसे खरोखर जमा होतात का ते मोबाइलवर पाहा. ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयसी लागू होते. पगारातून ते पैसे कापले जात असतील तर कार्ड मागा. आजारपणात उपचार आणि रजेच्या काळात पगाराचा काही भाग त्यातून मिळतो. तापात गोळी गिळून कामावर जाणाऱ्या अनेक मुलींच्या पगारातून ही वर्गणी दर महिन्याला कापली जात असते, पण कार्ड त्यांनी कधी पाहिलेले नसते.

रात्रपाळी स्त्रीच्या संमतीशिवाय लावता येत नाही आणि लावली तर सुरक्षित वाहतुकीची जबाबदारी मालकाची आहे. कॅबने चौकात सोडून दिले म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही. दारापर्यंत सोडा, हे मागणे म्हणजे नखरा नव्हे.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कायम, कंत्राटी, हंगामी, शिकाऊ अशा सर्वांना लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. कंपनीच्या बसमध्ये किंवा कॅबमध्ये घडलेला प्रकारही कामाच्या ठिकाणचाच मानला जातो. मेसेज पुसू नका, तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा.

जातीवरून लोकांसमोर अपमान किंवा शिवीगाळ झाली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० पासून केंद्रानेही मान्य केला आहे, त्यामुळे "तुम्ही बौद्ध, तुम्हाला कायदा लागू नाही" हे ऐकून परत फिरू नका. जात प्रमाणपत्राची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक पाठ असू द्या.

राहण्यासाठी नोकरदार महिला वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे, आता तिचे नाव 'सखी निवास' आहे. जागा थोड्या आणि अर्ज फार अशी तिची स्थिती असली, तरी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी जरूर करा. आणि मागणी करा. विद्यार्थिनींच्या वसतिगृहांसाठी आपण मोर्चे काढतो, मग नोकरदार मुलींच्या वसतिगृहांसाठी का नाही?

विहाराने काय करावे?

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या सुरुवातीच्या कामांत काय होते? १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह. शाळेचा दरवाजा उघडला तरी राहायला जागा नसेल तर मूल शाळेत टिकणार नाही, हे त्या पिढीला पक्के कळले होते. शंभर वर्षांनी तीच अडचण दुसऱ्या रूपात समोर आली आहे. नोकरीचा दरवाजा उघडला, पण राहायला जागा आणि पाठीशी माणूस नाही. पुणे परिसरात विहारांची कमतरता नाही. देहूरोडला तर २५ डिसेंबर १९५४ रोजी खुद्द बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. हे जाळे आपल्या हातात आहे, ते वापरायचे आहे.

पहिले काम खोल्यांच्या यादीचे. परिसरातल्या ज्या घरमालकांना जातीची अडचण नाही आणि ज्यांचे घर मुलींसाठी सुरक्षित आहे, त्यांची यादी विहारातल्या महिला मंडळाकडे असावी. नवीन आलेल्या मुलीला पहिले चार-पाच दिवस उतरायला दोन-तीन घरे ठरलेली असावीत.

दुसरे काम डिपॉझिट निधीचे. समजा, ५० घरांनी महिन्याला १०० रुपये दिले, तर वर्षाला ६०,००० जमतात. त्यातून चार मुलींना प्रत्येकी १५,००० बिनव्याजी देता येतात आणि दरमहा १,५०० परत केले तर दहा महिन्यांत रक्कम पुढच्या चौघींसाठी मोकळी होते. एका जयंतीच्या डीजेपुढे हा आकडा किरकोळ आहे.

तिसरे काम, आजारपणात जाणारी माणसे. दोन ताई, एक रिक्षावाला दादा आणि माहितीतला एक डॉक्टर, एवढे चार फोन नंबर प्रत्येक मुलीकडे असले की पुष्कळ झाले.

चौथे काम वेळापत्रकाचे. विहारातले कार्यक्रम तिच्या शिफ्टला आणि कपडे धुण्याच्या रविवारला जुळतील अशा वेळी घ्या. तिला फक्त रांगोळी काढायला आणि खीरदानाच्या पंगतीत वाढायला बोलावू नका. हिशेब, बैठक, भाषण यांत घ्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांनी सभा भरवल्या, शाळा चालवल्या, त्याची नोंद आहे. आजच्या मुली त्याच वाटेवरच्या आहेत.

या सगळ्याला एक अट आहे. मदत करणारा विहार पहारेकरी होता कामा नये. खोली मिळवून दिली म्हणून ती किती वाजता आली हे विचारण्याचा अधिकार मिळत नाही. ती कोणासोबत दिसली हे तिच्या वडिलांना कळवणे ही समाजसेवा नाही, ती खबरेगिरी आहे. असे एकदा जरी घडले तर मुली विहाराकडे पुन्हा फिरकणार नाहीत आणि अडचणीच्या वेळी परक्यांकडे जातील. बुद्धांनी कल्याणमित्राला मोठे स्थान दिले. असा मित्र सोबत चालतो, माग काढत नाही.

आणि मैत्रिणींनो, तुम्हालाही एक सांगणे. आपली अडचण सांगणे म्हणजे घराचे नाव खाली करणे नव्हे. खोलीतल्या दुसऱ्या कॉटवरच्या मुलीशी बोला, ती कोणत्याही जातीची असो. पाच-सहा जणींचा गट करा, महिन्यातून एकदा भेटा, सॅलरी स्लिपा समोर ठेवून वाचा. जिची पाळी रात्रीची आहे ती खोलीवर पोहोचेपर्यंत एकीने फोन जवळ ठेवा.

येत्या जून-जुलैमध्ये निकाल लागतील, नेमणूक पत्रे येतील आणि आपण पुन्हा सत्कार करू. त्या दिवशी शाल देण्याआधी मुलीला तीन प्रश्न विचारा. राहणार कुठे? पहिला पगार होईपर्यंत पैसे आहेत का? अडचण आली तर तिथे फोन कोणाला करशील? तिन्हींची उत्तरे तिच्याकडे नसतील, तर ती शोधणे हेच त्या कार्यकर्त्याचे पुढच्या आठवड्याचे काम.

जय भीम. नमो बुद्धाय.